हिप-हॉप
हिप-हॉप ही न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील कृष्णवर्णीय व लॅटिन अमेरिकी तरुणांमध्ये १९७० च्या दशकात उदयास आलेली सांस्कृतिक चळवळ आहे. मराठीत हा शब्द बहुधा रॅप याच अर्थाने वापरला जातो. वस्तुतः रॅप हे तिचे एक अंग होय. तबकड्यांवर ताल जुळवणारा डीजे, तालावर यमकबद्ध शब्द म्हणणारा एमसी, ब्रेकिंग हे नृत्य आणि भिंतींवरील ग्राफिटी ही तिची चार मूळ अंगे मानली जातात. (महाराष्ट्रात मिरवणुकीतील ध्वनिवर्धकांच्या भिंतीलाही ‘डीजे’ म्हणतात, तो अर्थ येथे अभिप्रेत नाही.)

११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्क यांनी संगीत वाजवलेल्या एका घरगुती मेजवानीपासून चळवळीचा आरंभ मानला जातो. गाण्यातील केवळ तालवाद्यांचा तुकडा, म्हणजे ‘ब्रेक’, ते दोन तबकड्यांच्या साहाय्याने लांबवीत. त्यावर होणारे नृत्य ते ब्रेकिंग. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश होता.

मुंबईतील वस्त्यांमधील रॅप ‘गली बॉय’ (२०१९) या हिंदी चित्रपटामुळे देशभर पोहोचला. मात्र हिप-हॉपच्या मूळ वृत्तीशी अधिक जवळचे उदाहरण ‘स्वदेशी’ या मुंबईच्या गटाचे आहे. या गटातील एमसी मवाली मराठीतून रॅप करतात. ‘द वारली रिव्होल्ट’ या गीतात गटाने आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांच्यासह जंगल आणि जमिनीवरील हक्काचा प्रश्न मांडला. ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रो कारशेडसाठी आरेतील दोन हजारांहून अधिक झाडे तोडण्यात आली.