एका ठकठकीचा इतिहास

गेल्या दसऱ्याला आमच्या घरी नवी मोटारसायकल आली. पुतण्याने तिला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवले, आणि मला मागे बसवून बेलापूरच्या पारसिक टेकडीचा रस्ता धरला. नवे वाहन घेतलेला माणूस ते चढावर नेल्यावाचून राहत नाही. आणि चढ लागला म्हणजे वाहनही आपले खरे बोल बोलू लागते. अर्ध्या चढावर इंजिनातून आवाज येऊ लागला. पत्र्याच्या डब्यात वाटाणे घालून कोणी हलवावेत, तसा.

पुतण्याचा चेहरा उतरला. "काका, हिला शंभर ऑक्टेनचंच पेट्रोल लागणार," तो म्हणाला. ते पेट्रोल साध्यापेक्षा बरेच महाग. हार सुकण्यापूर्वीच खर्चाची ही नवी वाट उघडलेली पाहून मी म्हटले, "थांब. हा आवाज कोण, कुठला, ते तरी आधी पाहू."

पाहू लागलो, आणि चांगलाच गुंतलो. ह्या आवाजाचा इतिहास शंभर वर्षांहून जुना आहे, आणि तो निव्वळ यंत्रांचा इतिहास नाही.

आधी आवाजाचे कारण सांगतो. इंजिनात पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण दट्ट्या दाबतो. दाब पुरा होत आला की ठिणगी पडते आणि आग एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, वाळल्या गवतात पसरावी तशी, क्रमाक्रमाने पसरते. दट्ट्याला मिळतो तो तिचा सरळ रेटा. पण ती पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातले मिश्रण दाबाने व उष्णतेने आपले आपणच पेटले, तर रेट्याऐवजी घणाचा घाव बसतो. मेस्त्री लोक त्याला 'नॉकिंग' म्हणतात. थोडे असले तर ताकद वाया जाते. फार दिवस चालले तर दट्ट्याच निकामी होतो. गंमत अशी, की मिश्रण जितके अधिक दाबावे तितके त्याच पेट्रोलातून काम अधिक मिळते. पण दाब वाढवू जावे तर ही ठकठक आडवी येते.

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास सगळे इंजिनकर्ते ह्याच अडचणीत सापडले होते. इंग्लंडात हॅरी रिकार्डो हे इंधनांची पारख करीत होते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या डेटन गावी चार्ल्स केटरिंग यांच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली हा तरुण अभियंता पेट्रोलात एकामागून एक पदार्थ मिसळून पाहत होता. ९ डिसेंबर १९२१ रोजी त्याने टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे एक संयुग, घालून पाहिले, आणि ठकठक थांबली. गॅलनभर पेट्रोलाला हे द्रव्य चमचाभरसुद्धा पुरे होई. १९२३ च्या फेब्रुवारीत डेटनमध्येच त्याची पहिली विक्री झाली. नाव ठेवले 'इथिल'. त्या नावात शिशाचा उल्लेखही नव्हता.

आता खरी बोच सांगतो. मद्यार्कानेही ठकठक थांबते, हे ह्या मंडळींना ठाऊक होते. त्यांनी स्वतःच ते प्रयोग केले होते. पण मद्यार्क कोणीही शेतकरी गाळू शकतो, आणि तो मिसळावा लागतो बराच. शिसे मात्र चिमूटभर पुरते आणि त्याचे पेटंट घेता येते. शिसे विषारी आहे, हे तर रोमन काळापासून जगाला माहीत. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात हे द्रव्य तयार करणारे पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मरण पावले. त्याच महिन्यात मिजलीने वार्ताहरांसमोर त्या द्रव्याने हात धुऊन आणि त्याची वाफ हुंगून दाखवली. तो स्वतः आदल्याच वर्षी शिशाच्या बाधेने आजारी पडला होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या धाडसाला काय म्हणावे ते कळत नाही. काही काळ विक्री थांबली. १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि पाहता पाहता जगभर पसरली.

ह्याच सुमारास ग्रॅहम एडगर या रसायनशास्त्रज्ञाने इंधन मोजण्याचा गज बनवला. आयसो-ऑक्टेन नावाचे द्रव्य सहजी ठकठक करीत नाही. त्याला १०० गुण दिले. हेप्टेन लगेच करते, त्याला शून्य. पेट्रोल ९१ ऑक्टेनचे, म्हणजे ९१ भाग पहिले आणि ९ भाग दुसरे यांच्या मिश्रणाइतका दम धरणारे. हा आकडा ताकदीचा नाही, सहनशीलतेचा आहे. घरातला सोशिक माणूस सर्वांत बलवान असतोच असे नाही, तसेच हे.

आमच्या नवी मुंबईतून खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याचा डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे माहुलला १९५४ साली स्टॅनव्हॅकचा आणि १९५५ साली बर्मा-शेलचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. पुढे सरकारने ते ताब्यात घेतले. आज ते हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियम या नावांनी चालतात. १९७० मध्ये सिडको स्थापन झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, आणि ह्या काठावर शहर वसू लागले. पुलावरून जी वाहने धावत, त्यांच्या पेट्रोलात शिसे होते. मुले शाळेला जात, रस्त्याच्या कडेला खेळत, आणि धुरातून ते अंगात भिनत राही. लहान मुलांच्या मेंदूला ते किती घातक, याचे पुरावे जगात साचत चालले होते. पृथ्वीचे वय ठरवणारे अमेरिकन शास्त्रज्ञ क्लेअर पॅटरसन यांनी १९६५ मध्येच बजावले होते, की माणसाच्या शरीरातले शिसे नैसर्गिक मर्यादेच्या फार पलीकडे गेले आहे.

आपल्याकडे १९९४ मध्ये मुंबईसह चार महानगरांत कमी शिशाचे पेट्रोल आले. १९९५ मध्ये शिसेविरहित आले, ते आधी धूर शुद्ध करणारे उपकरण बसवलेल्या नव्या मोटारींसाठी. कारण शिशाने ते उपकरणच निकामी होते. माणसांना बाधले तेव्हा दशके गेली. यंत्राला बाधले तेव्हा घाई झाली! १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल झाले. १९९७ च्या पाहणीत मुंबईतल्या शेकडा सुमारे ६२ मुलांच्या रक्तात शिसे धोक्याच्या तत्कालीन रेषेवर आढळले होते. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हे प्रमाण शेकडा ३३ वर आले. जगात शेवटी अल्जीरियाने २०२१ मध्ये मोटारींच्या पेट्रोलातले शिसे बंद केले.

आणि जागा कोणी भरली? काही अंशी शुद्धीकरणाच्या सुधारलेल्या रीतींनी, आणि काही अंशी त्याच नाकारलेल्या मद्यार्काने. त्याचा ऑक्टेन आकडा शंभराच्याही वर आहे. आपल्या देशात १९४८ मध्येच पॉवर अल्कोहोलचा कायदा झाला होता. २००१ मध्ये शेकडा ५ मिश्रणाचे प्रयोग सुरू झाले, ते मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या बरेलीच्या बाजूला. २०२३ पासून शेकडा २० मिश्रणाचे पेट्रोल विकले जाऊ लागले. त्याने सरासरी थोडी घटते, आणि उसाला पाणी किती लागते हे मराठवाड्याला विचारावे. निर्दोष उपाय कुठलाच नाही. पण मुलांच्या रक्तात उतरणारा उपाय आणि हा, यांत निवड करताना शंभर वर्षे लागावीत, हे मात्र मनाला लागते.

दुसऱ्या दिवशी मेस्त्रीकडे गेलो. त्याने गाडीची पुस्तिका उघडून दाखवली. तिच्यात साधेच पेट्रोल सांगितले होते. मग त्याने स्वतः चक्कर मारली आणि परत येऊन हसला. "भाऊ, मागं काका बसलेले, समोर चढ, आणि तुम्ही चौथ्यात ओढताय? दुसऱ्यात घ्या की!" संथ गतीत, वरच्या गिअरवर इंजिनाला रेटले, की मिश्रणाला दाबाखाली वेळ अधिक मिळतो आणि ते आपले आपण पेटते. ज्या गाडीची रचना साध्या पेट्रोलासाठी आहे, तिला महागडे पाजून ताकद वाढत नाही. जास्त दाबाच्या इंजिनाला ते लागते. आणि तिथे पुस्तिकाच तसे सांगते.

संध्याकाळी पुन्हा टेकडी चढलो. पुतण्याने वेळेवर गिअर उतरवला. इंजिन गुमान चढले. वर उभे राहून त्याने विचारले, "काका, एवढ्याशा आवाजासाठी लोकांनी विष घातलं?" मी म्हटले, "आवाज बंद झाला ना, की कारण कोणी विचारत नाही." खाडीपलीकडे ट्रॉम्ब्याच्या डोंगराआड सूर्य उतरत होता. येताना त्याने गाडी सावकाश चालवली, आणि वाटभर तो इंजिनाकडे कान देऊन होता.