दहागावचा पूल आणि त्यानंतरचे वीस दिवस

उमरखेडजवळ दहागावच्या नाल्यावर २८ सप्टेंबर २०२१ रोजी सकाळी एसटीची बस वाहून गेली. त्या घटनेचा पहिला धागा मात्र बंगालच्या उपसागरापर्यंत जातो. ‘गुलाब’ चक्रीवादळ २६ सप्टेंबरला आंध्रातील कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर आले आणि क्षीण होत पश्चिमेकडे सरकले. पुढचे दोन दिवस मराठवाडा आणि लगतचा विदर्भ त्याच्या पावसाखाली होता. या काळातील पर्जन्यनोंदी वाचताना एक पथ्य पाळावे लागते. हवामान खात्याचा दिवस सकाळी साडेआठला संपतो आणि त्या वेळी नोंदलेला आकडा आधीच्या चोवीस तासांचा असतो. बस वाहून गेली ती आठच्या सुमारास. म्हणजे २८ तारखेसमोरचा आकडा हा जवळजवळ पूर्णपणे त्या पुराआधीचाच पाऊस आहे. तारीख पाहून तो अपघातानंतरचा समजला, तर सगळा कार्यकारणभाव उलटा होतो.

दुसरा आधार वृत्तपत्रांचा. नांदेड-नागपूर मार्गावरची ही निमआराम बस पुलावरून पाणी वाहत असताना पुढे गेली आणि प्रवाहाने ती खाली ओढली. बसमध्ये चालक, वाहक आणि चार प्रवासी असे सहा जण होते. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत बेपत्तांची संख्या मृतदेह सापडत गेले तशी बदलत गेली. म्हणून ताळा करायचा तो नंतरच्या अंकांवरून. चालक आणि वाहकासह चौघांचा मृत्यू झाला, दोन प्रवासी वाचले.

तिसरा पुरावा काठावरच्या लोकांनी मोबाइलवर टिपलेली दृश्ये. बस प्रवाहात कलंडल्याचे त्यांत दिसते, आणि प्रवाहाचा जोर किती होता याबद्दल शंका उरत नाही. पण कॅमेरा बाहेर आहे. आत काय झाले ते अनुमानानेच मांडावे लागते: बस कुशीवर पडताना माणूस आसनाच्या दांड्यावर, खिडकीच्या चौकटीवर आदळतो आणि लगेच पाण्याखाली जातो. आघात आणि बुडणे या दोन वेगळ्या इजा इथे एकाच मिनिटात होऊ शकतात. उपचाराच्या कागदांत त्या दोन्ही शोधायला हव्यात.

वाचलेल्या दोघांचे वैद्यकीय कागद त्यांचे खासगी आहेत आणि तसेच राहावेत. पण अशा अपघातात कोणते कागद तयार होतात आणि ते कुठे अपुरे पडतात, हे कायद्यावरून नीट सांगता येते. मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच भाग. रुग्णालयात ‘एमएलसी’ची (वैद्यकीय-कायदेशीर प्रकरणाची) नोंद होते आणि पोलिसांना इजेचा दाखला दिला जातो. दाखल्यात इजा ‘साधी’ की ‘गंभीर’ ते लिहायचे असते. २०२१ मध्ये त्याची कसोटी भारतीय दंड संहितेच्या कलम ३२० मध्ये होती. हाड मोडणे, अवयव निकामी होणे यांसारखे प्रकार तिथे मोजलेले आहेत. आठवा प्रकार जीव धोक्यात घालणाऱ्या, किंवा वीस दिवस तीव्र वेदना देणाऱ्या अथवा नेहमीचे काम बंद पाडणाऱ्या इजेचा. (१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ११६ ने ही मुदत पंधरा दिवसांवर आणली.) आता पहिल्या दिवशी लिहिलेला दाखला विसाव्या दिवसाची साक्ष कशी देणार? जखमी माणूस पुन्हा तपासणीला आला नाही, तर ‘साधी’ हा शेरा तसाच राहतो.

पुराच्या पाण्यातून निघालेल्या माणसाच्या बाबतीत ही अडचण अधिक खोल आहे. फुप्फुसात पाणी गेले असल्यास श्वासाचा त्रास काही तासांनी वाढू शकतो, म्हणून वरून ठीक दिसणाऱ्यालाही देखरेखीखाली ठेवतात. जखम असेल तर धनुर्वाताची लस पाहावी लागते. लेप्टोस्पायरोसिसचा ताप दोन दिवसांपासून महिन्याभरात केव्हाही येऊ शकतो. पावसाचा आवाज ऐकून झोप उडणे, बसमध्ये पाय ठेवण्याची भीती वाटणे, हे महिन्यापेक्षा जास्त टिकले तर मानसोपचार तज्ज्ञ आघातोत्तर विकाराचा विचार करतात. यातले बरेच काही केसपेपर बंद झाल्यावर घडते. त्यात उमरखेड यवतमाळ जिल्ह्यात असले तरी नांदेडचे वैद्यकीय महाविद्यालय यवतमाळच्या महाविद्यालयापेक्षा जवळ आहे. त्यामुळे एकाच रुग्णाचे कागद दोन जिल्ह्यांत विखुरण्याची शक्यता मोठी.

नुकसानभरपाईत हीच उणीव पैशांत मोजली जाते. १ एप्रिल २०१६ पासून एसटी प्रत्येक तिकिटामागे एक रुपया अपघात सहाय्यता निधीसाठी घेते. त्यातून मृताच्या वारसांना दहा लाख रुपयांपर्यंत मदत मिळते. मृत्यूचा पुरावा एका दाखल्यात मावतो. जखमीला मात्र मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे आपला पुढचा काळ सिद्ध करावा लागतो. राजकुमार विरुद्ध अजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये स्पष्ट केले की अवयवाच्या अपंगत्वाची टक्केवारी म्हणजे कमाईतील घट नव्हे. पायाला तेवढीच इजा झालेला कारकून आणि चालक यांचे नुकसान सारखे नसते. पुढील उपचारांचा खर्च हा स्वतंत्र भाग आहे आणि त्यासाठी डॉक्टरांच्या साक्षीला वजन असते.

अशा अपघातातील जखमींचे पुढे काय झाले हे शोधणाऱ्याने म्हणून पंचनाम्यापाशी थांबू नये. दावा घटनास्थळी, अर्जदार राहतो तिथे किंवा प्रतिवादीच्या ठिकाणी दाखल करता येतो. तेव्हा त्या प्रत्येक ठिकाणची दप्तरे पाहावीत. निकालपत्राआधी निशाण्यांची यादी वाचावी: औषधांची बिले, फेरतपासणीच्या चिठ्ठ्या, उलटतपासणीत डॉक्टरांनी दिलेली उत्तरे आणि त्या प्रत्येकावरची तारीख.