सुप्याची होळी आणि आपलं सिबिल

परवा ओळखीतला एक रिक्षावाला भेटला. नव्या रिक्षेचं कर्ज बँकेनं नाकारलं. कारण काय, तर 'सिबिल खराब'. मला म्हणाला, "दादा, हे लिहितं कोण? आपल्याला न विचारता?"

मंडळी, हा प्रश्न आपल्या भागात दीडशे वर्षं जुना आहे.

१२ मे १८७५. पुणे जिल्ह्यातलं सुपे, बाजाराचा दिवस. जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे मागितले आणि पेटवून दिले. लूटमार झाली, घरंही जळली, पण खरा राग होता तो कागदावर. लोण पुणे-नगरच्या गावागावांत पसरलं.

का? १८५९ च्या कायद्यानं रोख्याची मुदत तीन वर्षं झाली. मुदत संपत आली की सावकार थकलेलं व्याज मुद्दलात घालून नवा रोखा करायचा. शेतकरी वाचता न येणाऱ्या कागदावर नांगराची निशाणी करायचा. पैसे फेडले तरी पावती मिळेलच असं नाही. हिशेब एकाच्याच हातात!

चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा आला. पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागायचा हक्क त्यात मिळाला.

आजची वही संगणकात आहे, ती जाळता येत नाही. सिबिल २००० साली सुरू झाली, २००५ साली पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. आज अशा चार कंपन्या आहेत. प्रत्येकीकडून वर्षातून एकदा स्वतःचा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. चूक असेल तर तक्रार फुकट करता येते. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर दिवसाला १०० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

आम्ही दोघांनी त्याचा अहवाल काढला. दोन डाग निघाले. गाडीचं जुनं कर्ज फिटलेलं, तरी चालूच दिसत होतं. त्याची तक्रार केली. दुसरा डाग मात्र खरा, लॉकडाऊनमध्ये थकलेले हप्ते. ते कुणीच पुसू शकत नाही. 'पाच हजारात सिबिल साफ' म्हणणारा एजंटही नाही. थकबाकी भरायची, बेबाकी दाखला घ्यायचा आणि पुढचे हप्ते तारखेला द्यायचे. वेळ लागतो, पण आकडा वर येतो. आणि कमी पैशात तडजोड करताना जपून, कारण अहवालात 'सेटल्ड' असा शेरा पडतो आणि पुढची बँक तो वाचते.

सुप्याच्या माणसांना वही वाचता येत नव्हती म्हणून त्यांनी ती जाळली. आपल्याला वाचता येते, पण आपण मागतच नाही. कर्ज नाकारल्यावर नाही, त्याआधी मागा.