कालव्याच्या रक्षणासाठी

वर्गात सुएझ कालवा शिकविताना मी अहमद उराबीचे नाव घेतो, तेव्हा ते वहीत लिहावे की नाही अशा संभ्रमात मुले पडतात. परीक्षेत ते विचारले जात नाही, हे खरे. परंतु बलाढ्य राष्ट्र दुसऱ्याच्या घरात 'शांतता' प्रस्थापित करावयास का शिरते, हे समजण्यास १८८२ सालचा इजिप्त पाहावा.

उराबी खेड्यातील शेखाचा मुलगा. अल-अझहरमध्ये शिकलेला, पुढे लष्करात कर्नल झालेला. त्या वेळी देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ निम्मा भाग युरोपीय सावकारांच्या घशात जात होता आणि तिजोरीवर इंग्रज व फ्रेंच अधिकारी बसले होते. ९ सप्टेंबर १८८१ रोजी उराबी पलटणींसह कैरोच्या आबदीन राजवाड्यासमोर उभा राहिला. प्रधानमंडळ बदला, प्रतिनिधिसभा बोलवा, सैन्य वाढवा, या त्याच्या मागण्या. खेदिव तौफीक नमला. पुढे सभेने अंदाजपत्रकावर मत देण्याचा हक्क मागितला, तेव्हा मात्र लंडन-पॅरिसला धडकी भरली.

जून १८८२ मध्ये अलेक्झांड्रियात दंगल होऊन सुमारे ५० युरोपियन मारले गेले. मिसरी लोकही मेले. ११ जुलैला ब्रिटिश आरमाराने शहरावर तोफा डागल्या. सरकारचा प्रमुख कोण? ग्लॅडस्टन! बल्गेरियातील अत्याचारांबद्दल १८७६ साली पुस्तिका लिहून तुर्कांना धारेवर धरणारा, अफगाण खेडुताचा जीवही पवित्र मानावा असे १८७९ साली सभेत सांगणारा. त्याची स्वतःची बरीच पुंजी इजिप्तच्या खंडणीवर उभारलेल्या कर्जरोख्यांत होती. तेवढ्यासाठीच त्याने युद्ध केले, असे मी म्हणणार नाही. त्याचाच सहकारी जॉन ब्राइट याने मात्र मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

कालव्याला धोका आहे, असे कारण सांगितले गेले. उराबीने तर द लेसेप्सच्या भरवशावर कालवा बंद केलाच नाही, आणि वुल्सलीची फौज त्याच कालव्यातून येऊन इस्माइलियास उतरली! १३ सप्टेंबरला तेल-अल-केबीर येथे सारे आटोपले. या फौजेत मुंबई बंदरातून गेलेले हिंदी शिपाई होते, आणि खर्चाचा भारही हिंदुस्थानच्या तिजोरीवर टाकला गेला. स्वतः गुलाम असलेल्यांनी दुसऱ्याच्या गुलामीचे बिल भरले.

लवकरच निघून जाऊ, असे आश्वासन होते. सिलोनच्या हद्दपारीतून उराबी १९०१ मध्ये परतला, तेव्हा फौज तेथेच होती. शेवटचा ब्रिटिश सैनिक गेला जून १९५६ मध्ये. ५ नोव्हेंबरला ब्रिटिश व फ्रेंच छत्रीधारी सैनिक पोर्ट सैदवर पुन्हा उतरले, तेही कालव्याच्याच रक्षणासाठी. आदल्याच दिवशी सोव्हिएत रणगाडे हंगेरीतील उठाव चिरडण्यास बुडापेस्टमध्ये शिरले होते. दोन्ही पक्षांनी एकमेकांचा निषेध केला.