डॉल्बीची भिंत आणि दादाचा कान

आजचा भाग हेडफोन लावून ऐकत असाल तर आधी आवाज थोडा कमी करा. का, ते पुढं कळेलच.

टेक्नोचा इतिहास, हाऊसचा इतिहास, डेट्रॉइट, शिकागो, बर्लिन यावर ढीगभर पॉडकास्ट आहेत. मीही ऐकतो. पण ऐकताना दरवेळी वाटतं की हे सगळं आपण बघितलंय की राव. तिकीट नाही, कंपनी नाही, पेपरात परीक्षण नाही. पोरं रात्र रात्र जागून कॉम्प्युटरवर गाणी बनवतात, त्यावर हजारो लोक नाचतात आणि मागं पोलिसांची गाडी उभी असते. आपल्याकडं त्याला कुणी 'सीन' म्हणत नाही. आपण त्याला डॉल्बी म्हणतो.

माझं गाव कृष्णाकाठचं, सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या शिवेवर. मी सांगलीत बीटेक केलं, आता पुण्यात कोड लिहितो. माझा चुलतभाऊ, आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो, त्याचा डॉल्बीचा धंदा होता. 'होता' का म्हणतोय, तेच आज सांगायचंय.

सुरुवात नावापासून करू. रे डॉल्बी नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने १९६५ मध्ये लंडनमध्ये डॉल्बी लॅबोरेटरीज सुरू केली. त्याचा पहिला मोठा शोध कसला होता? टेपवरचा खरखराट कमी करण्याचा! पुढं सिनेमाच्या आवाजात या कंपनीनं नाव काढलं आणि नव्वदच्या दशकात आपल्या थिएटरांबाहेर 'डॉल्बी'च्या पाट्या लागल्या. माझा अंदाज असा, की तिथूनच 'भारी आवाज म्हणजे डॉल्बी' हे समीकरण लोकांच्या डोक्यात बसलं. मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीशी त्या कंपनीचा काही संबंध नाही. ज्या माणसानं खरखर घालवली, त्याचंच नाव आपण दणदणाटाला दिलं.

पण नाचायचं संगीत डॉल्बीच्या आधीही होतंच. आपल्या भागात हलगी, घुमकं, कैताळ, सनई. लग्नाची वरात, यात्रेची पालखी, कुस्तीचं मैदान, सगळीकडं हलगी. वाजवणारे बहुतेक मातंग, होलार अशा समाजांतले. कला त्यांची, मान मात्र गावाच्या मर्जीवर. मग बँड आला, झांजपथकं आली, बेंजो आला. कॅसेटचा जमाना आला तशी गाणी स्वस्त झाली, पण वाजवणारी माणसं अजून लागत होती. डॉल्बीनं पहिल्यांदा माणसं काढून टाकली. एक ऑपरेटर, एक लॅपटॉप, एक जनरेटर, झालं.

हा धंदा इतक्या वेगानं का पसरला, याचं उत्तर आपल्या शेतात आहे. ऊसतोडीचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. गणपती येतात ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये. म्हणजे नेमके तेव्हा ट्रॅक्टर-ट्रॉल्या रिकाम्या उभ्या असतात. ट्रॉलीवर स्पीकर रचायचे, मागं जनरेटर जोडायचा. पुढं उसाचं बिल हातात आलं की लग्नसराई. मध्ये शिवजयंती, आंबेडकर जयंती, गावची यात्रा. म्हणजे वर्षभर सुपाऱ्या. ज्या वस्तीच्या मिरवणुकीला पूर्वी मनासारखं वाजंत्र परवडत नव्हतं, ती वस्तीही वर्गणी काढून डॉल्बी लावू शकली, आणि स्वतःची गाणी स्वतःच्या आवाजात वाजवू शकली. ही गोष्ट छोटी नाही. डॉल्बीला नुसत्या शिव्या घालणारे हे विसरतात.

दुसरं कारण म्हणजे सॉफ्टवेअर. बेल्जियमच्या इमेज-लाइन कंपनीचं एफएल स्टुडिओ, पूर्वीचं नाव फ्रूटीलूप्स. आमच्या गावात ते चोरीच्या कॉपीतून पोचलं. दादानं आयटीआयनंतर त्यावर रीमिक्स करायला सुरुवात केली. जुनं भक्तिगीत किंवा लावणी घ्यायची, खाली ठेका टाकायचा, मध्ये हलगीचा तुकडा, आणि दर मिनिटाला स्वतःच्या नावाची आरोळी. ती आरोळी म्हणजे त्याची सही. गाणी मेमरी कार्डातून, ब्लूटूथवरून, मोबाईलच्या दुकानातून फिरायची. पैसे कुणी द्यायचं नाही. पण नाव झालं की सुपारी मिळायची. गाणं ही फुकट जाहिरात, आणि विकायची वस्तू म्हणजे आवाज.

घोळ इथेच झाला.

आता जरा इंजिनिअरिंग, घाबरू नका. डेसिबल हे सरळ मोजमाप नाही. ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केली तर आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. कानाला 'दुप्पट मोठं' वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे दहापट ताकद. आता समजा शेजारच्या मंडळानं चार बेस लावले. तुम्हाला त्यांच्यावर उठून दिसायचंय. तुम्ही आठ लावले, खर्च जवळपास दुप्पट, आणि ऐकणाऱ्याला फरक किती? थोडासा. पुढच्या वर्षी तो सोळा लावणार. चौकात दोन ट्रॉल्या समोरासमोर आल्या की जिंकायचं कशावर, तर आवाजावर. गाण्यावर नाहीच. जो धंदा फक्त आवाज विकतो, त्याला दरवर्षी दुप्पट भांडवल घालून जवळपास तोच माल विकावा लागतो. दादानं पतसंस्थेचं कर्ज काढलं ते गाण्यासाठी नव्हे, अठरा इंची स्पीकरसाठी. सुताराकडून प्लायवूडची कॅबिनेटं बनवून घेतली. दोन वर्षांत ती 'जुनी' झाली.

ही टक्कर आपणच शोधलेली नाही. जमैकातल्या किंग्स्टन शहरात १९५० च्या दशकात अशाच साउंड सिस्टिम रस्त्यावर उभ्या राहत, आणि दोन सिस्टिममध्ये सामना लागे. पण तिथं एक गोष्ट वेगळी घडली. नुसत्या आवाजावर जिंकता येत नाही म्हटल्यावर मालक दुसऱ्याकडं नसलेली गाणी शोधायला लागले. पुढं स्वतःच रेकॉर्ड करायला लागले. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे दोघं साउंड सिस्टिमवालेच, नंतर मोठे निर्माते झाले. किंग टबी हा मुळात इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्त करणारा माणूस. त्यानं मिक्सरवर गाणं उलगडून पुन्हा जोडायचा प्रकार रुजवला, त्याला डब म्हणतात. आज जगभर जे रीमिक्स चालतं, त्याचं एक मूळ तिथं आहे. तिथल्या टक्करीनं गाणं वाढवलं, आपल्या टक्करीनं भिंत वाढवली.

भिंतीचे परिणाम आपण बघितलेत. २०१४ च्या विसर्जन मिरवणुकीत साताऱ्यात राजपथावर भिंत कोसळून तिघांचा जीव गेला, आणि डॉल्बीच्या हादऱ्यानंच ती पडली असा आरोप झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये सांगली जिल्ह्यात कवठे एकंद आणि दुधारी इथल्या दोन तरुणांच्या मिरवणुकीतल्या मृत्यूच्या बातम्या आल्या. आता हे लक्षात घ्या, पोलिसांचं मीटर ज्या 'ए' मापात आवाज मोजतं, त्यात खालचे सूर फार कमी धरले जातात. ६३ हर्ट्झच्या बेसला ते सुमारे २६ डेसिबलची सूट देतं. म्हणजे छाती हादरवणारा आवाज मीटरवर बराच लहान दिसतो.

कायदा काही नवा नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल. रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, फक्त सरकारनं ठरवलेल्या वर्षातल्या १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सूट. २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं आणि २०१६ मध्ये मुंबई हायकोर्टानं हे नियम पाळायला बजावलं. मग कोल्हापूर परिक्षेत्राचे तेव्हाचे विशेष पोलीस महानिरीक्षक विश्वास नांगरे पाटील, जे मूळचे आपल्या सांगली जिल्ह्यातल्या कोकरूडचे, त्यांनी डॉल्बीमुक्त गणेशोत्सवाची मोहीम लावून धरली. २०१८ मध्ये साताऱ्यात उदयनराजे भोसले यांनी डॉल्बी वाजणारच अशी भूमिका घेतली. त्याच सप्टेंबरमध्ये साउंडवाल्यांची संघटना हायकोर्टात गेली, पण अंतरिम दिलासा मिळाला नाही.

त्या वर्षी आमच्या घरात काय चाललं होतं, सांगतो. दादानं तीन मंडळांकडून इसार घेतला होता. तिन्ही परत करावे लागले. एका मंडळानं तर 'लाव रे, आम्ही बघतो' म्हणून भरीला घातलं. दादानं लावला नाही. काकी म्हणाली, केस झाली तर ते बघणार का तू बघणार? नेत्याचा शब्द नेत्यापाशी राहतो, साउंड जप्त होतो तो मालकाचा. २०१९ ला त्यानं अर्धी भिंत विकली, घेतलेल्या किमतीच्या निम्म्यात. २०२० आणि २०२१ ला कोरोनानं मिरवणुकाच झाल्या नाहीत. उरलेली कॅबिनेटं गोठ्यात, वर ताडपत्री.

पण मुख्य नुकसान ते नाही. मागच्या दिवाळीला गावी गेलो, तर दादा रीमिक्स करत बसला होता. मला म्हणाला, "बारक्या, वरचा आवाज टोचतोय का बघ जरा. मला कळत नाय." मी ऐकलं. टोचत होता, लय टोचत होता. त्याला झांजेचा, टाळीचा आवाज नीट ऐकूच येत नव्हता, म्हणून तो वाढवत गेला होता. डाव्या कानात कायम शिट्टी वाजते म्हणे, रात्री जास्त. दहा वर्षं तो भिंतीच्या मागं उभा होता. जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब असाय, की ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तास चालतो, ९० डेसिबल फक्त ४ तास. १०० ला गेलात तर आठवड्याची वीसेक मिनिटं. दादाच्या एका वरातीतच वर्षाचा कोटा संपत असेल. त्याचं वय अजून चाळीसही नाही.

मग पुढं काय? बंदीनं हे संगीत संपेल असं मला वाटत नाही. इंग्लंडमध्ये १९९२ साली कॅसलमॉर्टनला मोठी रेव्ह पार्टी झाली, १९९४ ला थेट कायदा आला, ज्यात एकसारख्या ठेक्याच्या संगीताची व्याख्याच लिहिली होती. संगीत संपलं नाही, बंद जागेत गेलं, परवाना घेऊन तिकीट लावून. आपल्याकडंही तिकीटवाली बाजू आहेच. सनबर्न २००७ मध्ये गोव्यात सुरू झाला आणि २०१६ ला पुण्याला आला. तिथं ठेका वाजला की तो 'फेस्टिव्हल', आमच्या चौकात वाजला की 'धिंगाणा'. यातला थोडा फरक आवाजाचा आहे, बराचसा पैशाचा.

२०२४ मध्ये मात्र एक गंमत झाली. क्रेटेक्स आणि श्रेयस यांचं 'तांबडी चामडी' हे मराठी हाऊस गाणं नेदरलँडच्या स्पिनिन रेकॉर्ड्सनं काढलं. मराठी शब्द, नाचायचा ठेका, आणि ऐकणारे जगभर. त्याच वर्षी जर्मनीनं बर्लिनच्या टेक्नोला आपल्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आणि त्याच वर्षी आमच्या मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. मिरजेची सतार सुरू कुणी केली? हत्यारं घडवणाऱ्या शिकलगार घराण्यातल्या कारागिरांनी. हत्यारांचं काम घटलं तसा हात वाद्यांकडं वळला. म्हणजे या मातीला धंदा बदलायचं अगदीच नवीन नाही.

दादाच्या बाबतीत अडचणी खऱ्या आहेत. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला सूट आहे, पण रीमिक्स करून यूट्यूबवर टाकायला ती लागू होत नाही. म्हणून त्याच्या गाण्यांवर लाखभर व्ह्यू आले तरी पैसे मूळ गाण्याच्या कंपनीला जातात. यावर एकच उपाय मला दिसतो, स्वतःचं गाणं. गेल्या महिन्यापासून तो शेजारच्या गावातल्या हलगीवाल्या काकांना घेऊन रेकॉर्डिंग करतोय. इतकी वर्षं हलगीचे तुकडे नेटवरून उचलले, वाजवणाऱ्याला दमडी नाही. आता गाणं दोघांच्या नावावर आणि कमाई निम्मी-निम्मी, असं ठरलंय. कमाई अजून शून्य आहे, खोटं कशाला सांगू. वरचा आवाज मीच पुण्यातून तपासून देतो.

तुमच्यातले बरेचजण मंडळात असाल, कुणाचं लग्न ठरलं असेल. सुपारी द्यायला जाल तेव्हा पहिला प्रश्न आपण काय विचारतो? "किती बेस, किती टॉप?" यंदा आधी "नवीन काय बनवलंयस, ऐकव की" असं विचारून बघा. चार बेसवर चांगलं गाणं वाजलं तरी माणूस नाचतोच, आणि ऑपरेटरचा कान शाबूत राहतो. गिऱ्हाईक ज्याचे पैसे देईल, तेच हा धंदा वाढवणार.

आणि ऑपरेटर मित्रांनो, कानात बोळे घाला रे. मेडिकलमध्ये मिळतात, एका चहा-वड्याच्या पैशात.

भेटू पुढच्या भागात. आवाज कमी केला होता ना? तसाच राहू दे.