हजार नऊ धावा आणि बाबांचं पत्र

रत्नागिरीत मारुती मंदिरजवळच्या स्टेडियमला शाळांच्या मॅच सुरू असल्या की पायऱ्यांवर काही आईबाबा बसलेले असतातच. हातात पाण्याची बाटली, डोळे पिचवर आणि तोंडात एकच वाक्य, "अरे, सरळ बॅटने खेळ रे!" आजचा एपिसोड अशाच एका बाबांचा. क्रिकेटच्या इतिहासात नाव मुलाचं लागलं. पण मला यात जास्त आवडतात ते बाबाच.

तारीख 4 जानेवारी 2016, कल्याण. शाळांची भंडारी करंडक स्पर्धा. के. सी. गांधी शाळा विरुद्ध आर्य गुरुकुल. समोरची टीम 31 धावांत आटोपली आणि 15 वर्षांचा प्रणव धनावडे ओपनिंगला उतरला. संध्याकाळी खेळ थांबला तेव्हा तो 652 वर नाबाद होता. म्हणजे एका दिवसात त्याने 1899 सालचा विक्रम मोडला होता.

तो जुना विक्रमही ऐकण्यासारखा आहे. ए. ई. जे. कॉलिन्स हा 13 वर्षांचा पोरगा, इंग्लंडमधल्या क्लिफ्टन कॉलेजचा. नाबाद 628. आणि गंमत बघा, त्याचा जन्म आपल्याकडचा, हजारीबागचा. वडील इथे इंग्रज सरकारचे न्यायाधीश. पण तो क्लिफ्टनला शिकायला गेला तोवर आईवडील दोघंही वारले होते. जगातली सगळ्यात मोठी खेळी, आणि बघायला आईवडील नाहीत. पुढे तो सैन्यात गेला आणि 1914 मध्ये ईप्रच्या लढाईत मारला गेला.

प्रणवचे बाबा मात्र होते. प्रशांत धनावडे, कल्याणात रिक्षा चालवणारे. आता जरा हिशोब करा. क्रिकेटची किट, प्रवास, कोचिंग, बूट, आणि हे सगळं रिक्षाच्या मीटरवर. दुसऱ्या दिवशी, 5 जानेवारीला, प्रणव नाबाद 1009 वर पोचला. 327 चेंडू, 129 चौकार, 59 षटकार. टीमच्या 3 बाद 1465. आर्य गुरुकुल दुसऱ्या डावात 52, म्हणजे एक डाव आणि 1382 धावांनी हार! सीमारेषा जवळ होती, समोरची पोरं लहान होती, अशी टीका झाली, आणि ती खोटी नव्हती. पण 327 चेंडू खेळून काढायचे तर पायात दम लागतोच ना?

मग काय, कॅमेरे आले. सचिनने सही केलेली बॅट पाठवली. मुंबई क्रिकेट असोसिएशनने महिन्याला 10,000 रुपयांची शिष्यवृत्ती दिली, पाच वर्षांसाठी.

आणि खरी परीक्षा इथून पुढे होती. मे 2016 मध्ये पश्चिम विभागाच्या 16 वर्षांखालच्या संघात अर्जुन तेंडुलकर आला, प्रणव नाही. सोशल मीडिया पेटला. रिक्षावाल्याच्या पोरावर अन्याय, मोठ्या बापाचा मुलगा वगैरे वगैरे. तुमच्यापैकी कुणी तेव्हा ती पोस्ट फॉरवर्डही केली असेल. सगळी सहानुभूती फुकट मिळत होती, प्रशांत धनावडेंनी नुसतं गप्प बसायचं होतं. ते गप्प बसले नाहीत. प्रणव मुंबईच्या 16 वर्षांखालच्या संघातच नव्हता, मग विभागाच्या संघात कसा येणार, असं त्यांनीच स्पष्ट केलं. अर्जुन आणि प्रणव मित्र आहेत, हेही सांगितलं.

पुढचं वर्ष वाईट गेलं. धावा होईनात. एक हजारची खेळी मागे असलेल्या पोराने चाळीस केल्या तरी लोक म्हणणार, "बस, एवढ्याच?" सोळाव्या वर्षी हे ऐकून घेणं सोपं नाही. मग 2017 मध्ये बाबांनी असोसिएशनला पत्र लिहिलं: शिष्यवृत्ती थांबवा. सध्या मुलाची कामगिरी तशी नाही, पुढे चांगला खेळला तर बघू.

तेव्हा अजून तीन वर्षांहून जास्त काळाचे हप्ते यायचे होते. म्हणजे साडेतीन लाखांच्या वर रक्कम, आणि घर चालायचं ते रिक्षावर. काही जणांना हा हट्टीपणा वाटला. मला वाटतं, त्या पत्राने पोराच्या डोक्यावरून एक ओझं उतरवलं. महिन्याच्या महिन्याला पैसे येत राहिले असते, तर प्रत्येक हप्त्याबरोबर तो 1009 चा आकडाही घरात आला असता.

तुमच्या शाळेच्या मॅचला कोण यायचं, आई की बाबा? आणि आउट झाल्यावर घरी जाताना गाडीवर काय बोलणं व्हायचं? व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकूया.