शाहीर अनंत फंदी : तमाशा, कीर्तन आणि इतिहास

पेशवाईच्या उत्तरकाळातील नामवंत शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) हे अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील संगमनेरचे. त्यांचे मूळ आडनाव घोलप. ब्राह्मण कुटुंबात जन्मूनही त्यांनी तमाशाच्या फडात स्वतः रचलेल्या लावण्या गाऊन कीर्ती मिळविली. पुढे अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून ते कीर्तनाकडे वळले, असे परंपरा सांगते. तथापि या स्थित्यंतराने त्यांच्यातील शाहीर लोपला नाही. ‘फटका’ या रचनाप्रकारात त्यांनी नीतिबोधासाठीही बोलीभाषेचा रोखठोकपणा आणि गेय ठेका कायम राखला.

१७९५ मध्ये याच जिल्ह्यातील खर्डा येथे मराठ्यांनी निजामाचा पराभव केला. त्यावरील फंदींच्या पोवाड्यात जेत्यांचा अभिमान प्रकटतो; त्यामुळे त्यातील युद्धविषयक तपशील समकालीन कागदपत्रांशी पडताळूनच स्वीकारणे योग्य ठरते. मात्र तो विजय सामान्य श्रोत्यांपुढे कोणत्या शब्दांत मांडला गेला, हे दप्तरांपेक्षा पोवाडाच अधिक स्पष्टपणे सांगतो. म्हणूनच फंदींच्या कवनांचा विचार केवळ वाङ्मय म्हणून न करता लोकमानसाच्या इतिहासाचे साधन म्हणूनही होणे आवश्यक आहे.